वारा अडवणारी खोली

डलूथमधलं घर, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं.
दारातून आत शिरलं की लगेच दुसरं दार.
दोन्हींच्या मधे एवढीशी जागा:
एक माणूस, एक ओला कोट,
आणि तिसरं कुणी आलंच, तर त्यानं बर्फात थांबायचं.

"हे पाड," विएनो लाहतोनेन म्हणाली.
वय एक्याहत्तर. हातात कॉफी,
पायात नवऱ्याचे लोकरीचे मोजे.
"एस्किलनं बांधलं, चौऱ्याहत्तर साली.
लग्नाला सहा महिने झाले होते. मी आईकडे गेले चार दिवस,
परत आले तर माझी पेटी दारात अडकली.
वारा अडवायला, म्हणाला.
वाऱ्याचं माहीत नाही, मी मात्र अडले."

मी सुतार. लोकांची भांडणं मोजत नाही,
चौकटी मोजते.
ओळंबा सोडला. एस्किलची भिंत
पन्नास वर्षांत केसभरही कलली नव्हती.
हे मी तिला सांगितलं नाही.

पहार घातली.
लाकडी पट्ट्या, गिलावा, फटींत कोंबलेली फिनिश वर्तमानपत्रं;
एकात गायीच्या विक्रीची जाहिरात, अर्धीच.
लिनोलियमखाली मेपलची जमीन निघाली,
मधासारखी, आणि दाराजवळ दोन खोलगट जागा,
जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं
उभ्यानं बूट काढले होते.
"ह्या घासू नकोस," ती म्हणाली.
बाकी सगळं घास म्हणाली.

तिसऱ्या दिवशी न्हाणीघराला लागून असलेली भिंत उघडली.
तिला बैठकीची खोली मोठी हवी होती, पाण्यापर्यंत नजर जाणारी.
आतून दाढीची ब्लेडं ओघळली.
गंजून एकमेकांना चिकटलेली.
आधी ओंजळभर, मग घमेलंभर.
जुन्या घरांत आरशाच्या कपाटाला मागे फट असते,
वापरलेलं ब्लेड तिच्यातून आत सोडायचं,
भिंतीच्या पोटात,
पुढचं पुढच्यांनी बघावं.

विएनो खाली बसली, सिमेंटच्या पोत्यावर.
"एक ब्लेड दोन आठवडे ओढायचा," म्हणाली.
"रविवारी चर्चमध्ये हनुवटीवर कागदाचा कपटा.
कंजूष."
मग कप पुन्हा ओठांना लावला.
तो केव्हाच रिकामा होता.

घमेलं दोन दिवस टेबलाखाली राहिलं.
शुक्रवारी आले तर जागेवर नव्हतं.
कचऱ्याचा डबा उचलून पाहिला मी,
हलका होता.
विचारलं नाही.

आता प्रवेश ऐसपैस.
डावीकडे बाक, खाली बुटांचे कप्पे,
दारात उभं राहिलं की समोरच्या खिडकीत
लोखंडाची माती भरलेलं जहाज
एका काचेतून दुसऱ्या काचेत सरकताना दिसतं.
"खुंट्या किती लावू?"
"सहा."
"राहता किती जण?"
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"सहा."

नोव्हेंबरात फोन आला.
"वारा स्वयंपाकघरापर्यंत येतो.
काल मेणबत्ती विझली, आणि मी कोट घालून सूप प्यायले."
"आतलं दार परत बसवू? तळघरात ठेवलंय मी."
तारेवर बराच वेळ काही नाही.
मागे केटलीची शिट्टी, कुणीच न उचललेली.
"पडदा शिवतेय," ती म्हणाली. "लोकरीचा, जाड.
वाऱ्यासाठी नाही हं. खोलीला जरा रंग हवा म्हणून."
"कोणता रंग?"
"ते अजून ठरलं नाही."

दांडा ठोकायला गेले.
कुठे, ते तिनं बोटानं दाखवलं,
आणि लगेच खिडकीकडे वळली.
बोटाखाली जुन्या चौकटीची चार भोकं होती,
मीच बुजवलेली.
लांबी पांढरीच दिसत होती;
रंगाचा दुसरा हात द्यायचा राहूनच गेला होता.